दोन हजार गाण्यांचा टपाल कारकून

सप्टेंबर १९४३मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांपुढे शस्त्रं खाली ठेवली. मुसोलिनीची राजवट कोसळली होती, राजा राजधानी सोडून दक्षिणेकडे निघून गेला होता, उत्तरेत जर्मन फौजा पाय रोवून बसल्या होत्या. या पडझडीत राजघराण्याची जुनी शाही धून बाजूला पडली आणि राष्ट्रगीत म्हणून तात्पुरतं एक वेगळंच गाणं वाजू लागलं. ते पहिल्या महायुद्धातलं होतं, एका नदीवर लिहिलेलं. १२ ऑक्टोबर १९४६ रोजी गोफ्रेदो मामेलीच्या गीताने त्याची जागा घेईपर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, इटलीचं राष्ट्रगीत तेच होतं. गाण्याचं नाव 'ला लेजेंदा देल प्यावे', प्यावे नदीची आख्यायिका.

याच काळात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढत होत्या. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात वीरमरण आलं. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठावर पराक्रम गाजवला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या देशाच्या नद्या हे मराठी जवान जिवावर उदार होऊन ओलांडत होते, त्या देशाचं राष्ट्रगीत त्या वेळी एका नदीचं गाणं होतं.

ते लिहिणारा माणूस न्हाव्याचा मुलगा होता, आणि पोटापाण्यासाठी टपाल खात्यात नोकरी करणारा. कागदोपत्री नाव जोव्हान्नी एर्मेते गाएता. इटलीला तो माहीत आहे तो ई. ए. मारिओ या टोपणनावाने, तेही माहीत असलाच तर. गाणी सगळ्यांना ठाऊक आणि गीतकाराचं नाव मात्र आठवत नाही, अशी त्याची गत झाली आहे. सुमारे दोन हजार गाणी त्याच्या नावावर आहेत. त्यातल्या बहुतेकांचे शब्दही त्याचे आणि चालही त्याची.

५ मे १८८४ रोजी नेपल्सच्या व्हिकारिया या गजबजलेल्या वस्तीत त्याचा जन्म झाला. वडील सालेर्नोजवळच्या खेड्यातून शहरात आलेले. त्यांचं हजामतीचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या खोलीत सगळा संसार. अशा घरात पोराने शिकून मोठं व्हावं ही इच्छा असते, पण त्याला संगीतशाळेत घालण्याची ऐपत नसते. नेपल्समध्ये न्हाव्याच्या दुकानात मँडोलिन असणं ही तेव्हा नवलाची गोष्ट नव्हती. गिऱ्हाइकांची गर्दी नसली की कुणीतरी ते छेडत बसे. या दुकानातही असंच कुणा गिऱ्हाइकाचं मँडोलिन राहून गेलं होतं आणि मुलगा त्यावर आपलं आपण बोटं फिरवायला शिकला, असं सांगतात. रीतसर संगीतशिक्षण त्याच्या वाट्याला आलं नाही. पुढे आयुष्यभर तो चाली बांधत राहिला त्या याच वाद्यावर.

वाचनाची ओढ मात्र जबर. तरुणपणी तो जुझेप्पे मात्सिनीच्या विचारांनी भारला गेला. हा तोच मात्सिनी, ज्याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद सावरकरांनी लंडनमध्ये बसून केला आणि १९०७मध्ये जो इकडे प्रसिद्ध झाला. मात्सिनीची इटली राजा नसलेली, प्रजासत्ताक इटली होती. विशीच्या आतबाहेरचा गाएता जेनोव्हाच्या वर्तमानपत्रांत लिहू लागला, कविता छापून येऊ लागल्या, आणि टोपणनावातली आद्याक्षरंही याच पत्रकारितेच्या काळातली. घर चालवायला कविता पुरत नसते, तेव्हा टपाल खात्यात चिकटला.

टपालाच्या खिडकीनेच त्याला गाण्यात आणलं. राफाएले सेग्रे नावाचा संगीतकार काही कामासाठी त्या खिडकीशी आला. बोलता बोलता विषय गाण्यांवर गेला आणि शेवटी सेग्रेने त्या पोरगेल्या कारकुनाकडेच शब्द मागितले. १९०४ साली 'कारा मम्मा' हे गाणं आलं. गीतकार वीस वर्षांचा होता.

त्याने पाऊल टाकलं ते नेपल्सच्या गाण्यांच्या बाजारात, आणि त्या बाजाराची रीत कळल्याशिवाय दोन हजार हा आकडा कळत नाही. दरवर्षी ७ आणि ८ सप्टेंबरला पिएदिग्रोत्ता इथल्या मरियम मातेच्या चर्चपाशी मोठी जत्रा भरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जत्रा म्हणजे नव्या गाण्यांचा हंगामच झाली. १८८०चं 'फुनिकुली फुनिकुला' याच वातावरणातलं. व्हेसुव्हिअस ज्वालामुखीवर नवी दोरगाडी सुरू झाली, तिचं ते गाणं. प्रकाशक महिनोनमहिने आधीपासून गीतकार आणि संगीतकारांना कामाला लावत. गाणी नाट्यगृहांत ऐकवली जात आणि शब्द व स्वरलिपी छापलेले स्वस्त कागद रस्त्यावर विकले जात. ग्रामोफोन घरोघरी पोचण्याआधी गाणं लोकप्रिय झालं की नाही, ते या कागदांच्या खपावरून ठरे. ते कागद घेऊन घरी गेलेले लोक स्वतः गात. सूर ऐकून विसरण्यापेक्षा गाणं स्वतःच्या गळ्यात उतरवण्याची ही सवय त्या शहराने फार वर्षं जपली.

या बाजारात पैसा होता, पण तो बहुधा गीतकाराकडे जात नसे. 'ओ सोले मिओ' आज जगभर गाजलेलं गाणं आहे. १८९८ साली जोव्हान्नी कापुर्रो आणि एदुआर्दो दि कापुआ यांनी ते बिदेरी या प्रकाशकाला पंचवीस लिरांना विकलं, असं सांगतात. दोघेही गरिबीत गेले. मारिओने पुढे स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. त्याच्या पिढीतल्या कवींमध्ये हे धाडस क्वचितच कुणी केलं.

त्याचं वेगळेपण आणखी एका गोष्टीत होतं. नेपल्सच्या गाण्यात कवी आणि संगीतकार यांची जोडी असे. साल्वातोरे दि जाकोमोला मारिओ कोस्ताची चाल, एर्नेस्तो मुरोलोला तालियाफेर्रीची, लिबेरो बोव्हिओला गाएतानो लामाची. दि जाकोमो तर अस्सल कवी. त्याच्या गीतातले शब्द चालीशिवायही उभे राहतात. या तिघांच्या बरोबरीने ई. ए. मारिओचं नाव घेतलं जातं, पण तो दोन्ही कामं एकटाच करत असे. त्यामुळे त्याच्या गाण्यात शब्द चालीत कोंबल्यासारखे वाटत नाहीत. वाक्य जिथे श्वास घेतं तिथेच सूर थांबतो. साधी माणसं त्याची गाणी पहिल्या ऐकण्यात गुणगुणू शकत, याचं मोठं कारण हेच असावं.

१९११चं 'कोम्मे से कांता आ नापुले' हे त्याचं पहिलं खऱ्या अर्थाने गाजलेलं गाणं. त्यात विषय आहे तो नेपल्सचा माणूस गातो कसा हाच. पाठोपाठ 'फुंताना आल्लोंब्रा' आणि 'इओ, ना कितार्रा ए आ लुना' आली. चांदणं, गिटार, सावलीतला झरा, रुसलेली प्रेयसी असा सगळा ठरलेला ऐवज त्यांत आहे. ती गोड आहेत. पण याच्यावरच तो थांबला असता, तर आज त्याच्याविषयी फारसं लिहावं असं काही उरलं नसतं.

मग युद्ध आलं.

२४ मे १९१५ रोजी इटली पहिल्या महायुद्धात उतरली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सरहद्दीवर डोंगराळ मुलखात खंदकांचं युद्ध सुरू झालं. सैनिक बहुतांशी शेतकरी. १९११च्या शिरगणतीनुसार देशात दर दहा माणसांमागे जवळपास चार निरक्षर होती, आणि दक्षिणेत त्याहून जास्त. सिसिलीचा जवान आणि पिएमाँतचा जवान आपापल्या बोलीत बोलू लागले तर एकमेकांना कळत नसत. अशी माणसं युद्धाच्या काळात पत्रं लिहायला शिकली, नाहीतर दुसऱ्याकडून लिहवून घेऊ लागली. आघाडी आणि घर यांच्यामध्ये त्या तीन-साडेतीन वर्षांत सुमारे चार अब्ज पत्रं आणि कार्डं फिरली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्या ओझ्याखाली टपाल खातं वाकलं होतं, आणि गाएता त्याच खात्यात होता. टपालाच्या गाड्यांबरोबर तो आघाडीपर्यंत जाऊन येत असे. त्याची पुढची गाणी ऐकताना हे लक्षात ठेवावं. सैनिकाची आई कशी असते, हे त्याला कल्पनेने रंगवावं लागलं नाही.

२४ ऑक्टोबर १९१७ रोजी कापोरेत्तोला इटलीची फळी फुटली. धुकं, विषारी वायू आणि जर्मन तुकड्यांचा वेगवान रेटा यांपुढे अख्खं सैन्य मागे हटत गेलं ते थेट प्यावे नदीपर्यंत, दीडशे किलोमीटरच्या आसपास. जवळपास तीन लाख सैनिक युद्धकैदी झाले. व्हेनेतो आणि फ्रिउलीतली लाखो माणसं गाड्या, गुरं, गाठोडी घेऊन सैन्याच्या मागोमाग रस्त्यावर आली. सरसेनापती लुइजी कादोर्नाने पत्रक काढलं आणि दोष टाकला तो स्वतःच्याच सैनिकांच्या भ्याडपणावर. काही दिवसांत त्याला हटवून आर्मांदो दियाझला नेमलं गेलं. हा दियाझही नेपल्सचाच. नदीच्या पलीकडे शत्रू, अलीकडे १८९९ साली जन्मलेली, अठरा वर्षांची कोवळी पोरं उभी केलेली. ही फळी तुटली असती तर व्हेनिस गेलंच होतं.

१५ जून १९१८ रोजी ऑस्ट्रियाने नदी ओलांडायला सुरुवात केली. तराफ्यांचे पूल टाकले, अलीकडच्या काठावर काही ठिकाणी पाय रोवले. आणि त्याच दिवसांत प्यावेला पूर आला. डोंगरातल्या पावसाने नदी फुगली, पूल वाहून गेले, अलीकडे आलेल्या तुकड्यांची रसद तुटली. वरून इटलीच्या तोफा आणि विमानं. आठवडाभरात ऑस्ट्रियाचं सैन्य माघारी गेलं.

गाण्यात नदी जिवंत होते ती अशी. मारिओने ते याच लढाईच्या पाठोपाठ, जून १९१८मध्ये लिहिलं. चार कडव्यांची ही गोष्ट आहे. पहिल्यात १९१५च्या मे महिन्यातली रात्र, सैनिक चाहूल लागू न देता पुढे निघालेत आणि खाली पाणी हळू आवाजात वाहतं आहे. दुसऱ्यात कापोरेत्तो, गाव सोडून आलेली माणसं, त्यांचा आक्रोश नदीच्या कानांवर येतो. तिसऱ्यात शत्रू पुन्हा चालून येतो, तेव्हा आजवर नुसती पाहत आलेली नदी उसळून उठते आणि त्याला अडवते. चौथं कडवं विजयाचं, शांततेचं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी बोलते किंवा काही करते ती नदी. सेनापतीचं नाव कुठे नाही, राजाचा जयजयकार नाही. ज्या सैनिकांना स्वतःच्याच सरसेनापतीने भ्याड ठरवलं होतं, त्यांच्या बाजूला या गाण्यात देशाची एक नदी उभी राहिली. त्या वेळी खंदकातल्या पोरांना याहून मोठा दिलासा कोण देऊ शकलं असतं?

आणखी एक निवड लक्षात घेण्यासारखी आहे. नेपल्सच्या बोलीत शेकडो गाणी लिहिणाऱ्या या माणसाने हे गाणं इटालियनमध्ये लिहिलं. सगळ्या प्रांतांच्या जवानांना एकत्र गाता येईल असं ते हवं होतं. राफाएले गात्तोर्दो हा त्याचा मित्र आणि गायक तेव्हा सैन्यात होता. रंगभूमीवर एन्रिको देम्मा या नावाने ओळखला जाणारा. त्याने ते आघाडीवरच्या सैनिकांसमोर गायलं आणि पुढे ते तोंडातोंडी पसरलं. तुमचं गाणं एका सेनापतीपेक्षा जास्त कामाचं ठरलं, अशी तार दियाझने कवीला केली, ही गोष्ट इटलीत आजही सांगतात.

गाण्याला राजकारणाने हात लावला नाही असं मात्र नाही. कापोरेत्तोच्या कडव्यात फितुरीची वदंता आली होती. नंतर ती सैन्याच्या मानाला बाधक ठरली. सैनिकांनी दगा दिला नव्हता, चूक वरच्यांची होती, हे चौकशीतून पुढे आलं होतं. मुसोलिनीच्या काळात तो शब्द काढून तिथे गोलमोल शब्दयोजना करण्यात आली. कवीच्या नशिबाचा विरोधाभासही बघण्यासारखा आहे. मात्सिनीला मानणारा हा प्रजासत्ताकवादी, पण राजाने त्याला मानाचा किताब दिला, आणि पुढे १९४३ साली राजघराण्याच्या धुनेची जागा घेतली ती त्याच्याच गाण्याने. १९४६ साली इटलीने राजेशाहीलाच निरोप दिला. मामेलीचं गीत आलं, तेही कायद्याने पक्कं राष्ट्रगीत व्हायला ४ डिसेंबर २०१७ उजाडावा लागला. प्यावेचं गाणं तरीही अडगळीत गेलं नाही. दर ४ नोव्हेंबरला, पहिल्या महायुद्धातल्या विजयाच्या दिवशी, रोममधल्या अनाम सैनिकाच्या समाधीवर राष्ट्राध्यक्ष पुष्पचक्र वाहतात, तेव्हा बँडवर हीच धून वाजते.

युद्ध संपलं तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता, आणि १९१९ हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात भरघोस वर्ष असावं. 'व्हिपेरा' त्या वर्षीचं. सापाच्या आकाराचं कडं घालणाऱ्या मोहिनीचं हे गाणं आन्ना फुजे या रंगमंचावरच्या झगमगत्या गायिकेने गाजवलं. 'ले रोझे रोस्से' त्याच वर्षीचं. आणि 'सांता लुचीया लुंताना' हेही.

हे तिसरं गाणं म्हणजे बंदरातून निघालेलं जहाज. नेपल्सहून परमुलखात जाणारी माणसं डेकवर उभी आहेत, शहर मागे पडतंय, आखातावर चंद्र आहे, आणि सांता लुचीया हा किनाऱ्यावरचा मोहल्ला लहान लहान होत जातो. माणसं गातात. पुढे काय मिळणार याबद्दल गाण्यात फार काही येत नाही. सगळी नजर मागे आहे. भाषा अर्थातच नेपल्सची.

या गाण्यामागचे आकडे पाहिले की त्याची ताकद कळते. १९१३ या एका वर्षात इटलीतून पावणेनऊ लाखांच्या आसपास माणसं देशाबाहेर गेली. दक्षिणेतल्या गरिबांसाठी नेपल्स हे त्या प्रवासाचं मुख्य दार होतं. जमीनदाराची शेती, मलेरिया, कर आणि कर्ज यांना कंटाळलेली कुटुंबं तिथे येत, धर्मशाळांत रात्री काढत, डॉक्टरी तपासणीला तोंड देत आणि जहाजाच्या तळमजल्यात बसून न्यूयॉर्क नाहीतर ब्युनोस आयरेसला जात. धक्क्यावर निरोप द्यायला आलेल्यांतली बरीच माणसं एकमेकांना पुन्हा भेटत नसत.

गाणं आलं आणि दारच बंद होऊ लागलं. अमेरिकेने १९२१मध्ये आणि मग १९२४मध्ये कडक कायदे केले. दुसऱ्या कायद्याने इटलीचा वर्षाचा वाटा चार हजारांच्या आत आणून ठेवला. म्हणजे 'सांता लुचीया लुंताना' जास्त करून ऐकलं गेलं ते आधीच जाऊन तिथे अडकलेल्यांकडून. बेनिआमिनो जिल्ली १९२० ते १९३२ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गात होता. हा चांभाराचा मुलगा, स्वतःही घरापासून लांब. त्याने हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. न्यूयॉर्कच्या इटालियन वस्त्यांत 'स्थलांतरितांची राणी' म्हणून मिरवलेली जिल्दा मिन्योनेत्त अशी नेपल्सची गाणी हजारो घरांपर्यंत नेत होती. तिचा शेवट चटका लावणारा आहे. १९५३च्या जूनमध्ये नेपल्सला परत येत असताना, शहर दृष्टीच्या टप्प्यात येण्याआधीच ती जहाजावर वारली.

यानंतरच्या दशकात मारिओ नेपल्सच्या बोलीत आणि इटालियनमध्ये आळीपाळीने लिहीत राहिला. १९२९चं 'बालोक्की ए प्रोफुमी' आजही जुन्या इटालियन माणसांना हमखास रडवतं. एक आई मुलीला घेऊन दुकानात शिरते, स्वतःसाठी अत्तरं आणि पावडरी घेते, आणि मुलगी डोळ्यांत पाणी आणून खेळणी मागत असते. खेळणं काही मिळत नाही. मुलगी आजारी पडते. मग आई खेळण्यांच्या दुकानाकडे धाव घेते, आणि तोवर उशीर झालेला असतो. यात रडवण्याचा बेत उघड दिसतो, हे मान्य करायला हवं. आईला शिक्षा देण्याची घाईही जरा जास्तच आहे. तरी त्या दुकानातल्या काउंटरचं, मागणीच्या यादीचं चित्र इतकं नेमकं आहे की गाणं सुटत नाही.

दोन हजार गाण्यांत अशी खूप आहेत की जी हंगामासाठी आली आणि हंगामाबरोबर गेली. जत्रा दरवर्षी येई, नवं काहीतरी द्यावं लागे. दि जाकोमोने कमी लिहिलं आणि जवळजवळ सगळंच निवडक राहिलं. मारिओच्या बाबतीत निवड लोकांनी केली. हे कमीपणाचं मानायचं कारण नाही. रोज लिहिणाऱ्याचा हात तयार असतो, आणि वेळ येते तेव्हा तोच कामी येतो. साठीला पोचलेल्या मारिओवर तशी वेळ १९४४ साली आली.

नेपल्स तेव्हा उद्ध्वस्त झालेलं होतं. दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यांनी बंदर आणि वस्त्या मोडल्या होत्या. सप्टेंबर १९४३च्या शेवटी शहराने चार दिवस रस्त्यावर लढून जर्मनांना पिटाळलं, आणि जाताना जर्मनांनी पाणीपुरवठा, बंदर, गिरण्या जे हाती लागेल ते उडवलं. १ ऑक्टोबरला दोस्त फौजा शिरल्या. हिवाळ्यात प्रलापक ज्वराची साथ आली. माणसांना रांगेत उभं करून कपड्यांत डीडीटीची भुकटी फवारली गेली. मार्च १९४४मध्ये व्हेसुव्हिअस भडकला. अन्न मिळत नव्हतं. जे मिळे ते काळ्या बाजारात, आणि काळ्या बाजारात माल येई तो बव्हंशी सैनिकांच्या गुदामांतून. पोटासाठी बायकांना काय करावं लागलं हे शहराला माहीत होतं, पण त्यावर मोठ्याने कुणी बोलत नसे.

एदुआर्दो निकोलार्दी हा कवी तेव्हा लोरेतो मारे या रुग्णालयात प्रशासकीय अधिकारी होता. 'व्होचे ए नोत्ते' या अजरामर प्रेमगीताचे शब्द त्याचेच. तो मारिओचा व्याही. मारिओच्या तीन मुलींपैकी एक त्याच्या घरात दिलेली. एके दिवशी प्रसूती विभागात एकच गलबला झाला. नेपल्सच्या एका बाईला झालेलं मूल काळं होतं. वडील उघडच आफ्रिकी वंशाचा अमेरिकी सैनिक. निकोलार्दीने ही हकीकत मारिओला सांगितली, आणि दोघा व्याह्यांनी मिळून 'ताम्मुर्रियाता नेरा' केलं. शब्द निकोलार्दीचे, चाल मारिओची.

चाल निवडली ती प्रेमगीताची नव्हे. ताम्मुर्रियाता हा काम्पानियाच्या खेड्यांतला नाच. ताम्मोर्रा म्हणजे मोठा, झांजा लावलेला डफ. त्याच्या ठेक्यावर मरियम मातेच्या जत्रेत माणसं नाचतात. हा ठेका एका रुग्णालयातल्या बातमीला लावला, आणि त्यामुळे गाणं वस्तीतल्या बायकांच्या तोंडचं झालं. बायका तर्क लढवतात. कुणी म्हणे बाईने काहीतरी पाहिलं असेल, त्याचा परिणाम झाला असेल. बाळाला नेपल्समधली नेहमीची नावं ठेवून पाहिली जातात, पण रंग काही बदलत नाही. पुढे लोकांनी आपली कडवीही जोडली. त्यात सैनिकांच्या तोंडून ऐकलेल्या अमेरिकी गाण्याचे मोडकेतोडके शब्दसुद्धा घुसले.

आजच्या कानाला यातलं काही खटकतं, आणि खटकावं. हसणं बाळाच्या रंगावर आहे, हे नाकारता येत नाही. पण गाण्यात आईला कुणी हाकलून देत नाही, बाळालाही नाही. नाव शोधलं जातं, म्हणजे ते आपल्यातलंच धरलं जातं. इटलीत त्या वर्षी अशा मुलांविषयी लोकांसमोर बोलणारं दुसरं काही फारसं नव्हतं. प्रवचनापेक्षा डफाचा ठेका तिथे जास्त दूर गेला. व्हित्तोरिओ दे सिकाच्या १९४८च्या 'बायसिकल थीव्हज'मध्ये सायकल हरवलेला बाप पोराला घेऊन खाणावळीत शिरतो. खिशात पैसे थोडे, तरी एकदा पोटभर खाऊ, असं ठरवून. तिथे वादक जे वाजवत-गात असतात, ते हेच गाणं. बापाच्या चेहऱ्यावर आलेलं उसनं अवसान आणि तो ठेका एकमेकांत मिसळतात. तो प्रसंग या गाण्याशिवाय आता कल्पनेत आणता येत नाही.

२४ जून १९६१ रोजी ई. ए. मारिओ नेपल्समध्येच वारला. गाण्यांखेरीज काव्यसंग्रह आणि नेपल्सच्या बोलीविषयी, गाण्याविषयी लिहिलेलं बरंच गद्य मागे ठेवून गेला. त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९६३पासून, रोबेर्तो मुरोलोने नेपल्सच्या गाण्याचा शतकानुशतकांचा प्रवास बारा रेकॉर्डांत गाऊन ठेवायला सुरुवात केली. तो त्या एर्नेस्तो मुरोलोचा मुलगा. नुसती गिटार आणि हलका, जवळजवळ बोलल्यासारखा आवाज. मारिओची गाणी पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. जिल्लीचा पहाडी स्वर नंतर ऐकला तरी चालेल. 'ताम्मुर्रियाता नेरा' मात्र 'नुओव्हा कोंपान्यिया दि कांतो पोपोलारे' या चमूचंच ऐकावं. १९६७मध्ये रोबेर्तो दे सिमोनेच्या मार्गदर्शनाखाली जमलेल्या या तरुणांनी काम्पानियातल्या खेड्यापाड्यांत फिरून जुनी लोकगीतं गोळा केली, आणि सत्तरच्या दशकात हे गाणं त्याच ढंगात, डफ कडाडवत गायलं. ते इतकं चाललं की पुढची पिढी त्याला शेकडो वर्षं जुनं लोकगीत समजू लागली.